अहवाल घरपोच मिळेल

माझ्या खोलीच्या दारावर ‘जीवसांख्यिकी’ अशी पाटी आहे. तिचा अर्थ विचारायला कुणी येत नाही. येतात ते एमडी करणारे डॉक्टर, पेन ड्राइव्ह घेऊन, प्रबंध जमा करायला चार दिवस उरलेले असताना. “मॅडम, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.” मी विचारते, तुमचा प्रश्न काय होता? मग तो डॉक्टर माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्या घरातलं काही विचारलं. किती रुग्ण घ्यायचे हे ठरवायला माझ्याकडे सुरुवातीला यायचं असतं. ते येतात सगळे रुग्ण घेऊन झाल्यावर. पहिली काही वर्षं मी चिडायचे. मग काही वर्षं नीट समजावून सांगायचे. आता फाइल उघडते, पाहिजे ते काढून देते आणि पुढच्याला आत बोलावते. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले आहेत.

माझे वडील मालवणजवळच्या गावात गणिताचे मास्तर होते. आम्ही त्यांना पाय म्हणायचो, आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत वडिलांना तसंच म्हणतात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की जेवण होईपर्यंत ते मला आणि भावाला गणितं घालायचे. भाऊ उठून समुद्रावर पळायचा, मी बसून राहायचे. मी गावातच शिक्षिका व्हावं असं त्यांच्या मनात होतं. मी संख्याशास्त्र शिकले आणि शहरातल्या विद्यापीठात, वैद्यकीय विभागात लागले. नोकरी लागल्यावर पायनी विचारलं, “म्हणजे तू डॉक्टरांक गणित शिकयतलंस?” मी हो म्हटलं. त्यांना ते पटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

पीएचडीला मी विषय घेतला तो गैरहजर माणसांचा. एखादा अभ्यास पाच वर्षं चालला, तर पहिल्या फेरीत भेटलेली सगळी माणसं शेवटच्या फेरीत भेटत नाहीत. कुणी मुंबईला मुलाकडे गेलेलं असतं, कुणी गोव्यात कामाला, कुणी वारलेलं असतं, कुणी दारातूनच नको म्हणतं. तक्त्यात त्यांच्या ओळी अर्ध्यावर थांबतात. त्या रिकाम्या चौकटींत काय आलं असतं, याचा हजर असलेल्यांवरून अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज किती चुकू शकतो तेही सांगायचं, अशी एक पद्धत मी बसवली. तिच्यावर माझे लेख आहेत, त्यांच्यावर माझी बढती झाली. तिच्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरावी लागते. माणूस ज्या कारणाने सुटला, ते कारण आपल्याजवळच्या माहितीतच कुठेतरी असलं पाहिजे. वयात, गावात, कामात, आजारात. हे खरं आहे की नाही ते कागदावरून तपासता येत नाही. दर वर्षी मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि त्याखाली दोन रेघा मारते. मुलं ते उतरवून घेतात.

तो प्रकल्प मेडिसिनच्या एका सरांचा होता. खेड्यातल्या माणसांची साखर आणि रक्तदाब मोजून, पाच वर्षांनी त्यांचं काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं. जिल्हा निवडायचा झाला तेव्हा सर म्हणाले, “मॅडम, तुमचा सिंधुदुर्गच घेऊ. तुम्हाला भाषा येते.” भाषा येते म्हणून मी पहिल्या फेरीच्या आधी तीन दिवस कणकवलीला जाऊन मुलाखत घेणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. मराठी फॉर्म मीच लिहिले. रक्त दिल्यावर माणसाच्या हातात द्यायची चिठ्ठीही मीच लिहिली. तिच्यावर त्याचा क्रमांक होता आणि खाली एक ओळ: तुमचा अहवाल एका महिन्यात घरपोच मिळेल.

पाच वर्षांनी दुसरी फेरी झाली आणि फाइल माझ्याकडे आली. तीत एक रकाना असतो: भेटला असेल तर एक, गाव सोडलं असेल तर दोन, वारला असेल तर तीन, नकार दिला असेल तर चार. एका वाडीपाशी आल्यावर त्या रकान्यात चार, चार, चार असं खाली खाली चारच येत गेलं. घाटाच्या पायथ्याशी, फोंडाघाटच्या अलीकडून आत जाणाऱ्या रस्त्यावरची ती वाडी. मी सरांना फोन केला.

“अख्ख्या वाडीने नकार दिलाय, सर.”

“मग इम्प्यूट करा ना, मॅडम. तुमचीच तर पद्धत आहे.”

मी केलं. दुपारभराचं काम. अंदाज भरल्यावर निष्कर्ष फारसा हलला नाही, उलट जरा नीटनेटका झाला. लेख गेला. परीक्षकांकडून परत आला तेव्हा एका परीक्षकाने विचारलं होतं की एकाच वस्तीतून एवढे नकार का आले, याचं एखाद्या वाक्यात स्पष्टीकरण द्यावं. सर म्हणाले, “तुम्ही ईस्टरला घरी जाताच आहात. आपल्या सिस्टरना घेऊन एक चक्कर मारा. एक ओळ मिळाली तरी पुरे.”

म्हणून मी गेले. मला काही संशय आला होता, असं आता म्हणता येईल, पण ते खरं नव्हे. मला एका वाक्याची गरज होती, आणि दोन बस बदलून जावं लागणार म्हणून आधीच कंटाळा आला होता.

सिस्टर म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या परिचारिका, सावंतवाडीकडच्या. पहिल्या फेरीत त्यांनी त्या भागातलं निम्मं काम पाहिलं होतं, मग त्यांना आमच्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या तालुक्यात पाठवलं होतं. फोंडाघाटच्या स्टँडवर त्या छत्री उघडून उभ्या होत्या, ऊन रणरणत होतं. पिशवीत बीपीचं मशीन आणि पाण्याची बाटली. मी उतरताच म्हणाल्या, “बाई, तुमी किती वाळलास!” मग रिक्षा केली. डांबरी संपल्यावर रिक्षावाल्याने आम्हाला उतरवलं आणि पुढे चालत गेलो. काजूचा मोसम होता. झाडांखाली बोंडू पडून आंबले होते, त्यांचा वास सगळीकडे.

पहिल्या घरी खळ्यात एक गृहस्थ काजूच्या बिया उन्हात पसरत होते. माझ्यापेक्षा थोडे मोठे असतील. सिस्टरना त्यांनी ओळखलं. बिया पसरायचं थांबवलं नाही.

“परत रगात व्हया काय?”

“नको, बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “ह्यो बाई शहरातसून इलेत. वायच विचारूचा आसा.”

मी विचारलं, “दिवाळीच्या सुमारास आमची माणसं आली होती, तुम्ही नको म्हणालात. का, ते सांगाल?” माझ्या तोंडून ऑफिसातली मराठी आली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“पयल्याचा आदी सांगा. मगे दुसऱ्याचा बगू.”

“पहिल्याचं काय?”

“पाच वर्सां मागे आमचा रगात न्हेलात. म्हयन्यात कागद येतलो म्हणालात. खंय आसा कागद?”

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी छत्री मिटली आणि तिच्या टोकाने जमिनीवर काहीतरी ओढत राहिल्या. मला आधी वाटलं, या एकाच घरचा कागद हरवला असेल. शेजारच्या घरी गेलो. तिथे सून बाहेर आली, तिने आतून सासूला विचारलं, सासू आतूनच ओरडली की कागद आणलात तर आत या. तिसऱ्या घरी कुणीच बाहेर आलं नाही.

चौथ्या घरी एक बाई ओटीवर बसून कोकमं सोलत होती. पन्नाशीची असेल. तिने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. मी विचारलं तेव्हा ती उठली. आत गेली आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तीत रेशन कार्ड, विजेची बिलं आणि दोन चिठ्ठ्या होत्या, रबर लावून ठेवलेल्या. तिने त्या माझ्या हातात दिल्या. एक तिची, एक तिच्या नवऱ्याची. मीच लिहिलेली ओळ, मीच निवडलेल्या ठळक अक्षरात: तुमचा अहवाल एका महिन्यात घरपोच मिळेल.

“वाट बगलंव,” ती म्हणाली. “पयल्या म्हयन्यात पोस्टमन दिसलो की हे विचारीत, कागद इलो? मागीर विचारूचे बंद झाले.”

“घरात आहेत का ते?”

“ते नाय. गेल्या पावसात गेले.”

चिठ्ठीवरचा क्रमांक मला ओळखीचा वाटला नाही. वाटण्याचं कारणही नव्हतं. फाइलमध्ये तशा कितीतरी ओळी होत्या. पण ती ओळ कुठे थांबलेली असेल ते मला कळलं. तिच्यापुढे तीन यायला हवं होतं. पहिल्या काही घरांनी नको म्हटलं, म्हणून आमच्या माणसाने घराघराला न विचारता खाली चार लिहीत नेलं असणार. आणि मी त्या मेलेल्या माणसाची पाच वर्षांनंतरची साखर अंदाजाने भरली होती.

मी सिस्टरना म्हटलं, अहवाल छापून मीच पाठवले होते. ते गावच्या आरोग्य उपकेंद्रावर जायचे होते आणि तिथून वाटायचे होते. सिस्टर म्हणाल्या, “चला तर मगे, बगू.”

उपकेंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या परिचारिका नवीनच बदलून आल्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण त्या चांगल्या होत्या, चहा ठेवला आणि आतली खोली उघडून दिली. जुन्या पोस्टरच्या गुंडाळ्या, मोडका वजनकाटा, लहान मुलांची उंची मोजायची पट्टी. काट्याच्या मागे भिंतीला टेकून खोका होता. वरची चिकटपट्टी तशीच होती. वर माझ्या अक्षरात वाडीचं नाव, तारीख आणि ‘तातडीचे’ असं लिहिलेलं.

सिस्टर खाली बसल्या. “खोको इलो त्याच आठवड्यात मी हंयसून गेलंय, बाई. माका वाटला दुसरी वाटतली.”

दुसरी लगेच आलीच नव्हती. तिची नेमणूक तीन महिन्यांनी झाली, तेव्हा तिला कुणी खोक्याबद्दल सांगितलं नाही. हे मला नंतर कागदपत्रांतून कळलं. त्याच कागदपत्रांत माझी एक ओळ होती. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षाच्या अहवालात, कामांच्या यादीत मी लिहिलं होतं: ‘वैयक्तिक अहवालांचे वाटप – पूर्ण.’ कशावरून लिहिलं? खोका पोचल्याची कुरिअरची पावती आली होती, तिच्यावरून. खोका पोचला होता. बाकी गावांतले खोके उघडले गेले होते, वाटले गेले होते. या एका वाडीचं मी विचारलं नाही. डॉक्टरांच्या फाइलमधला एक आकडा दशांश चिन्हाच्या चुकीच्या बाजूला असला तर मला दिसतो. हे दिसलं नाही.

मी त्या खोलीत खाली बसून खोका फोडला. कागद पिवळे पडले नव्हते, आत चांगले राहिले होते. ज्यांची साखर किंवा दाब जास्त होता त्यांच्या कागदावर लाल शिक्का होता: ‘दवाखान्यात त्वरित दाखवा.’ तो शिक्काही मीच करून घेतला होता. सिस्टरनी दोन गठ्ठे केले, शिक्क्याचे आणि बिनशिक्क्याचे. शिक्क्याचा गठ्ठा त्यांनी हातात घेऊन मोजला. मग म्हणाल्या, “आधी हे वाटूया.”

त्या दिवशी मी मालवणला परतले नाही. फोंडाघाटला एका लॉजवर राहिले. भावाला फोन करून सांगितलं की ईस्टरच्या आदल्या दिवशी येते. दोन दिवस आम्ही त्या वाडीत घरोघर फिरलो. सिस्टर मशीन लावून दाब बघायच्या, मी कागद वाचून दाखवायचे आणि माफी मागायचे. माफी कशी मागायची ते मला येत नव्हतं. पहिल्या दोन घरी मी ‘तांत्रिक कारणामुळे’ म्हणाले. तिसऱ्या घरी म्हणाले, “कागद वाटले की नाही ते मी विचारलं नाही. चूक माझी.” तेवढंच पुढे सगळीकडे म्हणाले.

लोक माझ्यावर फार ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं काही मी म्हणणार नाही, दमलेल्या माणसाला ओरडा नकोच असतो. एका म्हाताऱ्याने कागद घेऊन लांब धरून पाहिला आणि म्हणाला, “ह्यो पाच वर्सापूर्वीचो मी. बरो होतंय.” एका घरी एक बाई आतून गोळ्यांची पट्टी घेऊन आली, कागदाशेजारी धरून मला वाचायला लावली. गोळ्या दाबाच्या होत्या. “हां, म्हणजे ह्योच रोग. आमच्या डॉक्टराक तीन वर्सांनी कळलो. तुमका आदीच कळललो.” एवढं म्हणून तिने चहा ठेवला, आणि तो आम्हाला प्यावा लागला. बिया वाळवणाऱ्या गृहस्थांच्या कागदावर शिक्का होता. सिस्टरनी दाब पाहिला, मान हलवली, पुन्हा पाहिला. त्या त्यांना म्हणाल्या, “उद्याच्या उद्या दाखवूक जायाचा. मी वांगडा येतंय.” ते म्हणाले, “बिया वाळतले तेवा.” सिस्टर म्हणाल्या, “बिया तुमची सून वाळयतली.” त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

त्या चौथ्या घरी मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. खरं तर आदल्याच दिवशी जायला हवं होतं, शिक्क्याच्या गठ्ठ्यात तिच्या नवऱ्याचा कागद सगळ्यात वरच्या काहींत होता. मी तो खाली सरकवत गेले. सिस्टरनी ते पाहिलं.

ती ओटीवरच होती. तिने सिस्टरना हाताने खूण करून बसायला सांगितलं. मी आधी तिचा कागद वाचला. तिचं सगळं बरं होतं.

“आणि ह्येंचा?”

मी वाचला. साखर खूप होती. शिक्का आहे तेही सांगितलं. शिक्क्यावर काय लिहिलंय ते तिने विचारलं, तेही वाचलं.

मग तिने सांगितलं. गेल्याच्या आदल्या पावसात, शेतात चिखलणीच्या वेळी त्याच्या पायाला दगड लागला होता. जखम भरेना. इथे पट्ट्या केल्या, मग घाटावर हॉस्पिटलात नेलं, तिथे साखर असल्याचं पहिल्यांदा कळलं. पाय घोट्यापासून काढला, मग गुडघ्यापासून. तो हिंडता फिरता माणूस होता, घरी बसवेना. नंतर किडन्या गेल्या. हे सगळं तिने सरळ आवाजात सांगितलं, मधे एकदा शेजारच्या कोंबड्यांना हाकललं.

“आता माका एक सांगा,” ती म्हणाली. “ह्यो कागद तेवा मेळलो असतो, तर ते वाचले असते?”

माझं सगळं आयुष्य या प्रश्नाच्या आसपास गेलं आहे. शंभर माणसांना वेळेवर कळलं आणि शंभरांना नाही कळलं, तर दोन्हींत फरक किती, हे मी सांगू शकते, त्यासाठी किती माणसं लागतील तेही सांगू शकते. त्या शंभरांतल्या एकाचं काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. ते कुणालाच येत नाही. वर्गात हे वाक्य मी कितीदा सहज बोलले आहे. तिथे, कोकमाच्या सालींच्या ढिगाशेजारी बसून ते बोलायला माझी जीभ वळेना. वाचले नसते म्हणावं तर ते खोटं, वाचले असते म्हणावं तरी खोटंच.

मी म्हटलं, “माका म्हायत नाय.” त्या वाडीत मी पहिल्यांदाच आमच्या घरच्या बोलीत बोलले. “कदाचित पाय रवलो असतो. कदाचित नाय. पण औषध तेवाच सुरू झाला असता. ता झाला नाय, ता आमच्यामुळे.”

तिने हातातलं कोकम खाली ठेवलं.

“तुमी हंयचेच काय?”

“मालवणाकडची.”

“मगे तुमका तरी येवक व्हया होता.”

 तिने नवऱ्याचा कागद घडी करून परत दिला. “ह्यो माका नको. मुलग्याक दाखवलंय तर तो कोणाच्या तरी अंगार जातलो, आणि मगे काय?” स्वतःचा मात्र ठेवला. उठताना सिस्टरनी तिचा दाब पाहिला, तो थोडा जास्त होता. सिस्टर म्हणाल्या, “आजचो धरू नको, पुढच्या आठवड्यात परत बगतंय.” ती म्हणाली, “बगा.”

मालवणला पोचले तेव्हा भाऊ अंगणात सायकल पुसत होता. माझा चेहरा पाहून त्याने वहिनीला चहा करायला सांगितलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “कागद वाटूचा तुझा काम नव्हता गो. तुझा काम गणिताचा.”

“वाटले म्हणान मी लिवलंय,” मी म्हटलं.

तो परत सायकल पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी ईस्टरची मिस्सा होती, मी गेले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, वहिनीने केलेलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल जेवले. पाहुणे विचारत होते, युनिव्हर्सिटीत काय चाललंय? मी म्हटलं, बरं चाललंय.

सरांना फोन केला तो सोमवारी. ते आधी ऐकत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, आपण पाठवलं होतं ना? पावती आहे आपल्याकडे.”

“पावती खोक्याची आहे, सर. माणसांची नाही.”

“मग आता काय करायचं म्हणता?”

“लेख मागे घ्यायचा. नीतिसमितीला पत्र लिहायचं.”

सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या लेखावर अडकले होते, पुढच्या निधीचा अर्ज त्यावर उभा होता. ते एवढंच म्हणाले, “पत्र तुम्ही लिहा. सही मी करतो.” त्यांच्या आवाजात माझ्याइतकाच थकवा होता. मी पत्र लिहिलं. ‘वाटप पूर्ण’ ही नोंद मी खातरजमा न करता केली, हे वाक्य पहिल्या मसुद्यात कर्त्याविना होतं: ‘नोंद करण्यात आली.’ मी ते खोडून ‘मी केली’ असं केलं. अशी वाक्यं मी इतरांच्या लेखांत रोज दुरुस्त करते, स्वतःच्या वेळी मसुदा तीनदा लिहावा लागला.

समितीने प्रकल्प काही महिने थांबवला. चौकशी झाली. माझ्यावर कारवाई झाली नाही, एक समज देणारं पत्र आलं. ते माझ्या फाइलमध्ये आहे. सरांच्या विद्यार्थ्यांचं वर्ष वाया गेलं. त्यातली एक मुलगी मला जिन्यात भेटली तर अजून दुसरीकडे बघते. तिचं चूक नाही. सर पुढच्या प्रकल्पासाठी दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाकडे गेले, बोलणं मात्र आमचं नीट आहे, कँटीनमध्ये भेटलो तर एकत्र चहा घेतो. दुसरी फेरी त्या वाडीत परत केली, या वेळी साखर आणि दाब जागच्या जागी सांगून, कागद हातात देऊन. काही घरांनी होकार दिला, काहींनी नाही दिला. लेख शेवटी एका लहान नियतकालिकात आला. त्या वाडीचं काय झालं ते त्यात चार ओळींत आहे. परीक्षकाला एकच वाक्य हवं होतं. चार ओळी जास्त होतात, असं संपादकाने कळवलं होतं. मी त्या काढल्या नाहीत.

माझी जुनी पद्धत अजून वापरली जाते. लोक तिचा दाखला देतात, विद्यार्थी प्रश्न विचारायला येतात. मी शिकवते, दोन रेघाही मारते. फक्त आता एक जास्तीचं काम लावते: नकार असलेली पाच माणसं निवडायची आणि फोन करायचा. मुलांना ते आवडत नाही. एकाने विचारलं, “मॅडम, ते काय बोलतात ते लिहायचं कुठल्या रकान्यात?” मी म्हटलं, वहीत लिही.

सिस्टर कधीकधी फोन करतात. बिया वाळवणाऱ्या गृहस्थांना गोळ्या सुरू झाल्या आहेत, घेतात, मधेच विसरतात, सून ओरडते. कोकमवाल्या बाईंचा दाब अजून वरखाली होतो. मागच्या फोनवर सिस्टर म्हणाल्या, “तिका येत्या सोमवारी दाखवूक नेतंय. पयली बस चुकली तर मगे दुपारची.” मी विचारलं, ती माझ्याबद्दल काही म्हणाली का. सिस्टर म्हणाल्या, “नाय, काय म्हणाक नाय. तिका कामां आसत.”

मग त्या काजूबद्दल बोलल्या. यंदा मोहोर उशिरा आलाय, म्हणाल्या. दारावर टकटक झाली. एमडीचा एक डॉक्टर पेन ड्राइव्ह घेऊन उभा होता, मी त्याला बसायची खूण केली आणि सिस्टरचं बोलणं पुरं होईपर्यंत फोन ठेवला नाही.